मिळकत, मृत्युपत्र आणि मुले: संपन्न कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईतले डॉक्टर, इचलकरंजीचे कारखानदार, नाशिककडचे द्राक्ष बागायतदार, रस्त्यात किंवा औद्योगिक वसाहतीत जमीन गेलेली कुटुंबे, मुले परदेशी स्थायिक झालेले निवृत्त अधिकारी. प्रत्येकाची मिळकत वेगळी असते, पण बहुतेक घरांत अडचण एकच असते: मिळकतीबद्दल घरात मोकळेपणाने बोलणे झालेले नसते. या घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

उत्तरे मुख्यतः हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना धरून आहेत. मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश मिळकतीचीच व्यवस्था लावता येते. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. करांचे दर आणि कलमे बदलत असतात, म्हणून व्यवहाराआधी चालू वर्षाची स्थिती तपासून घ्या.

आम्ही काही फार मोठे श्रीमंत नाही. आम्हाला हे सगळे कशाला?

दादर किंवा कोथरूडमधला राहता फ्लॅट, गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा, गावाकडची दहा एकर बागायत, भावाबरोबर भागीदारीतले दुकान, थोडे शेअर्स, सोने आणि ठेवी. स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवणाऱ्या अशा घराची बेरीज आज सहज काही कोटींत जाते. आणि भांडण होण्यासाठी मिळकत फार मोठी असावी लागत नाही, ती वाटायला अवघड असली की पुरते. एक फ्लॅट तीन भावंडांत कसा वाटणार?

मोठ्या घरांचे उदाहरण हवेच असेल तर धीरूभाई अंबानी यांचे पाहा. ६ जुलै २००२ रोजी ते मृत्युपत्र न करता गेले. दोन भावांतला वाद जाहीर झाला आणि जून २००५ मध्ये आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने उद्योगसमूहाची वाटणी झाली. त्यांच्याकडे देशातले सर्वोत्तम वकील होते, तरी तीन वर्षे गेली. ज्यांना हेलपाटे घालत दिवाणी न्यायालय गाठावे लागते, त्यांची निम्मी हयात यात जाते.

सुरुवात कुठून करायची?

यादीपासून. काय आहे, कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे ठेवले आहेत आणि त्यावर कर्ज किंवा बोजा आहे का. जमिनीचे ताजे सातबारा आणि फेरफार काढा. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका पाहा. सोसायटीच्या भागदाखल्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, असे अनेक घरांत याच वेळी लक्षात येते. गेलेल्या माणसाच्या नावावरची मिळकत आधी वारसनोंद करून हयात माणसांच्या नावावर आणावी लागते, नाहीतर पुढचे सगळे नियोजन कागदावरच राहते.

जुन्या शेअर्सकडे विशेष लक्ष द्या. सात वर्षे लाभांश घेतला नाही तर तो लाभांश आणि त्यामागचे शेअर्ससुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. ते परत मिळतात, पण अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. बँकांमधल्या दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे.

देण्यांची यादीही तितकीच महत्त्वाची. मित्राच्या किंवा मेव्हण्याच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल आणि घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर ते आजच लिहून ठेवा.

मृत्युपत्र केले नाही तर सगळे बायको-मुलांनाच जाते ना?

फक्त त्यांनाच जाते असे नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते. वडील या वर्गात नाहीत, आई आहे. समजा, पन्नाशीतला एक गृहस्थ अचानक गेला. मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि ऐंशी वर्षांची आई. स्वकष्टार्जित मिळकतीचे चार समान वाटे होतात. पुढे आईही मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या वाट्यात त्या पत्नीचे दीर आणि नणंदाही येतात. ज्या घरात सूनबाई आणि मुले राहतात, त्या घराच्या एका हिश्शावर काका आणि आत्याचा कायदेशीर हक्क तयार होतो. कोणीही वाईट वागलेले नसते, तरी हे घडते.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा याहून विचित्र आहे आणि याबद्दल फार थोड्यांना माहिती असते. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅटसुद्धा आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जातो. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर येतात. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी, संतती नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ज्या स्त्रीने तीस वर्षे नोकरी केली आणि उतारवयात जिला भाचीने सांभाळले, तिची कमाई कधी न भेटलेल्या दिराच्या मुलांना जावी, हे मला मान्य होत नाही. पण कायदा आज असा आहे, आणि त्यावरचा उपाय पूर्णपणे तिच्या हातात आहे: तिने मृत्युपत्र करावे. मृत्युपत्राची खरी निकड घरातल्या कर्त्या पुरुषापेक्षाही एकट्या, विधवा, घटस्फोटित आणि निपुत्रिक स्त्रियांना आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

मुलीचे लग्न थाटात केले. आता तिचा वडिलोपार्जित मिळकतीत हक्क उरतो का?

उरतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच अविवाहित मुलींना सहदायाद म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली जन्मतः हिस्सेदार म्हणून, हक्क दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना जन्मतः मिळाला, विवाहित असो वा अविवाहित. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवे होते का, हा वाद अनेक वर्षे चालला. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तशी अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात.

हक्कसोडपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. बहिणीने राजीखुशीने, काय सोडते आहे हे समजून हक्क सोडला, तर तो तिचा निर्णय आहे आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तो पक्का होतो. पण अनेकदा तिला तालुक्याच्या निबंधक कार्यालयात नेऊन ‘इथे सही कर’ एवढेच सांगितले जाते. जमिनीची आजची किंमत तिला माहीत नसते, आणि सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती असते. असा दस्त पुढे न्यायालयात टिकतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे. माणूस म्हणून तो करू नये. तिला किंमत सांगा, तिचा स्वतःचा वकील असू द्या, आणि वाटा सोडत असेल तर मोबदला द्यायचा का हे समोरासमोर ठरवा. दहा वर्षांनी त्याच जमिनीतून रस्ता जातो आणि भाव वाढतो, तेव्हा असे बोलणे झालेल्या घरांतली नाती टिकलेली दिसतात.

वडिलांकडून आलेली मिळकत ‘वडिलोपार्जित’च ना? मग मृत्युपत्र कसे करणार?

वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत त्यांच्या निधनानंतर वारसा कायद्याच्या कलम ८ नुसार तुमच्याकडे आली असेल, तर ती तुमची वैयक्तिक मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. तिचे मृत्युपत्र करता येते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या तुमच्या अविभक्त हिश्शाचेही मृत्युपत्र करता येते, फक्त इतरांच्या हिश्शाचे नाही. कोणती मिळकत कशी आली याचा वंशवृक्षासह तक्ता वकिलाकडून एकदा करून घ्या.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते का? नोंदणी लागतेच का?

साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही समोर होताना पाहिलेल्या किंवा त्याने ती आपलीच असल्याचे समोर सांगितलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढे पुरते. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी मी ती करायला सांगतो. फी किरकोळ असते आणि कागद हरवला तरी प्रत मिळते.

साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे असावेत. साठी ओलांडली असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. एखाद्या वारसाला कमी देत असाल तर कारण दोन शांत वाक्यांत लिहा: ‘मोठ्या मुलाच्या शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी यापूर्वी रक्कम दिली आहे’ एवढे पुरे. त्याच्या वागण्याचा पाढा मृत्युपत्रात वाचू नका, तुमच्या माघारी तो भावंडांना वाचावा लागतो.

पत्नीला फक्त हयातीपुरता हक्क द्यावा आणि नंतर मुलांना, असे अनेकांना वाटते. हे लिहिताना जपून. स्त्रीच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ खाली पूर्ण मालकी होतो, असे अनेक निकाल आहेत आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. निदान राहते घर तरी पत्नीला पूर्ण मालकीने द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर संसार सोपवला, तर घरही सोपवता येते.

मुंबईतल्या मिळकतींसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, वर्षानुवर्षे सक्तीचे होते. २०२५ च्या अखेरीस संसदेने उत्तराधिकार कायद्यातले ते कलम २१३ वगळले. तरी वाद होण्यासारखा असेल, तर प्रोबेट घेणे आजही शहाणपणाचे ठरते. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमाच, आणि नेमण्याआधी त्याला विचारा.

सगळीकडे नॉमिनी लावले आहेत. आता काय राहिले?

मुख्य गोष्ट राहिली. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी फक्त ताबा घेणारा असतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची. शेअर्सबाबत हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला तो ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीवरून. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कंपनीच्या शेअर्सचा नॉमिनीही त्यांचा अंतिम मालक होत नाही. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला तात्पुरते सभासदत्व मिळते, वारस ठरेपर्यंत.

म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र यांतली नावे जुळवा. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात, हिस्से ठरवून. दोन मुले असतील तर दोघांची नावे टाका. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचे नाव आहे का, तेही पाहा.

मी असतानाच सगळे मुलांच्या नावावर केले तर? मागे कटकट नको.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क गेली काही वर्षे २०० रुपये इतके नाममात्र आहे, शिवाय १ टक्का स्थानिक अधिभार. दुकान, कार्यालय, गोदाम यांना ही सवलत नाही. या नात्यांतल्या देणगीवर घेणाऱ्याला आयकर नाही. त्यामुळे बक्षीसपत्र स्वस्त आणि सोपे वाटते, आणि तिथेच धोका आहे.

दिलेले बक्षीस परत घेता येत नाही. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते, बक्षीसपत्र सही झाली की संपले. मुलगा चांगला असला तरी त्याचा घटस्फोट होऊ शकतो, धंद्यात दिवाळे निघू शकते, तो तुमच्याआधी जाऊ शकतो. मग घर तुमच्या मुलाचे राहिलेले नसते. सुनेचे, बँकेचे किंवा दिवाळखोरीत मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अवसायकाचे झालेले असते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सांभाळाची अट हस्तांतरणाला जोडलेली असली पाहिजे. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने उदार भूमिका घेऊन आईला घर परत मिळवून दिले. तिथे सांभाळाचे लेखी वचन होते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर देखभालीची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क त्याच दस्तात लिहा. ‘घरातल्या घरात कशाला’ म्हणून ही ओळ गाळू नका.

माझा सल्ला असा: राहते घर आणि स्वतःच्या उत्पन्नाचे साधन हयातीत देऊ नका. त्यापलीकडचे, तुम्हाला कधीच लागणार नाही असे जे आहे, ते मुलांच्या गरजेच्या वयात, म्हणजे तिशी-चाळिशीत, जरूर द्या. साठीच्या मुलाला नव्वदीच्या बापाकडून आलेला फ्लॅट फारसा उपयोगी पडत नाही.

आयकराचे दोन बारकावे. पत्नीला किंवा सुनेला दिलेल्या पैशावरचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. सज्ञान मुलाला दिले तर तसे होत नाही. आणि काकाने पुतण्याला दिलेली मोठी देणगी करमुक्त आहे, पण पुतण्याने काकाला वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक दिले तर ती काकाच्या हातात करपात्र ठरते, कारण ‘नातेवाईक’ या व्याख्येत काका येतो, पुतण्या येत नाही.

वारसा कर परत येणार, असे ऐकतो. त्यासाठी आत्ताच ट्रस्ट करावा का?

भारतात इस्टेट ड्युटी, म्हणजे मृत्यूनंतर मिळकतीवर लागणारा कर, १९८५ मध्ये रद्द झाली, देणगी कर १९९८ मध्ये, संपत्ती कर २०१५ मध्ये. नसलेल्या कराच्या भीतीने ट्रस्ट करू नका. ट्रस्टमध्ये जागा टाकताना मुद्रांक शुल्क मोठे लागू शकते, आणि लाभार्थ्यांचे हिस्से निश्चित नसलेल्या ट्रस्टला सर्वात चढा आयकर दर लागतो.

पण काही घरांत ट्रस्ट खरोखर हवाच. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल ज्या घरात आहे, तिथले आई-वडील एकच प्रश्न विचारतात: आमच्यानंतर याचे काय? अशा मुलाच्या नावावर थेट मिळकत ठेवली तर ती सांभाळणार कोण? सगळे भावाच्या नावावर करून ‘तो बघेल’ म्हटले, तर भावाच्या सद्भावनेवर त्याच्या पुढच्या परिस्थितीचाही भार पडतो. ट्रस्टमध्ये पैसा वेगळा राहतो, किमान तीन विश्वस्त एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि दरमहा खर्च कसा द्यायचा हे लिहिलेले असते. विश्वस्तांत एक नातलग, एक कुटुंबाबाहेरचा आणि एक वयाने बराच लहान असावा. मूल सज्ञान झाल्यावर पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. आई-वडील दोघेही असताना ही प्रक्रिया पूर्ण करा. मुलाला काय खायला आवडते, कशाची भीती वाटते, कोणत्या डॉक्टरांचे औषध चालू आहे, हेही लिहून ठेवा. ही माहिती दुसऱ्या कोणत्याही कागदावर नसते.

जमिनीचे एकदम मोठे पैसे आले आहेत. काय करू?

पहिले सहा महिने शक्यतो काहीच करू नका. पैसे खात्यावर आल्याचे गावाला कळते आणि दारात रांग लागते: प्लॉट विकणारे, पतसंस्थेचे संचालक, विमा एजंट, दूरचे नातलग. या काळात कोणालाही ‘हो’ म्हणू नका. घरातल्या सर्वांसमोर एवढेच ठरवा की नकार कोणी द्यायचा.

पैसे कुठे ठेवायचे हे मात्र लगेच ठरवावे लागते. बँक बुडाल्यास ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच आहे, आणि पतसंस्थांना तो मुळीच नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. मधली नऊ वर्षे अनेक ज्येष्ठ ठेवीदारांनी आपल्याच पैशाची वाट पाहिली. मुंबईत सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेत तेच दिसले. एक टक्का जादा व्याजासाठी जमिनीचे सगळे पैसे ओळखीच्या संचालकाच्या संस्थेत ठेवू नका. तोवर मोठ्या बँकांच्या ठेवी किंवा सरकारची अल्पमुदतीची ट्रेझरी बिले पुरेशी आहेत.

कराचे गणित जमीन कशी गेली यावर ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली सक्तीने संपादन झाले असेल तर मोबदल्यावर आयकर नाही. वाढीव मोबदल्यावरचे व्याज वेगळे तपासावे लागते. थेट खरेदीखताने दिली असेल तर कागद सनदी लेखापालांना दाखवा. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आतली शेतजमीन करपात्र भांडवली मालमत्ता असते, खेड्यातली नसते. वारशाने आलेल्या जुन्या जमिनीची १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल विक्रीच्या आधीच करून घ्या. जमीन-इमारतीवरच्या दीर्घकालीन नफ्याचे रोखे घेऊन कर वाचवायचा तर मर्यादा ५० लाख आणि मुदत विक्रीपासून सहा महिने, ही तारीख चुकवू नका.

विकण्याखेरीज दुसरा मार्गही असतो. हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले. जमीन गेली तरी मालकी आणि उत्पन्न राहिले. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही. त्याला नेतृत्व, एकजूट आणि धीर लागतो. पण बिल्डरला सही देण्याआधी भावकीने एकदा एकत्र बसून याचा विचार करायला हवा.

मुलगा कारखान्यात आहे, मुलगी डॉक्टर आहे. दोघांना समान कसे देणार?

मालकी आणि कारभार वेगळे करून पाहा. कारखान्याचे बहुमत चालवणाऱ्याकडे असावे, नाहीतर प्रत्येक निर्णय अडतो. मुलीला तितक्याच मोलाचे दुसरे काही द्या: फ्लॅट, म्युच्युअल फंड, विम्याची रक्कम. सगळीच संपत्ती कारखान्यात अडकली असेल तर तिला मतदानाचा हक्क नसलेले भाग आणि ते ठरलेल्या सूत्राने विकण्याची सोय द्या. किंमत त्रयस्थ मूल्यांककाने ठरवावी. मुलाने वीस वर्षे कमी पगारावर राबून कारखाना वाढवला असेल, तर त्याचे मोलही धरायला हवे. समान आणि न्याय्य यांत इथे फरक पडतो, आणि तो फरक आई-वडिलांनीच दोघांसमोर बोलून दाखवावा.

कौटुंबिक करार केला की मिटले, असेही समजू नका. किर्लोस्कर कुटुंबातल्या २००९ च्या करारावरून पुढे वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. करारात कोण कोणत्या धंद्यात उतरणार नाही, नाव कोण वापरणार आणि मतभेद झाल्यास कोणापुढे जायचे, हे बारकाईने लिहिलेले असावे.

भागीदारी असेल तर करारनामा आजच काढून वाचा. त्यात वेगळी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते. आणि बँकेला दिलेली वैयक्तिक हमी: कंपनी मर्यादित दायित्वाची असली तरी हमीदाराच्या घरापर्यंत बँक पोहोचते. घर पत्नीच्या नावावर आहे म्हणून निर्धास्त असाल, तर हमीपत्रावर तिचीही सही आहे का, ते पाहा.

मुले अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत. इथली मिळकत त्यांना मिळेल ना?

मिळेल. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. मुलाने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ती जमीन पुढे भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. विक्रीचे पैसे अनिवासी खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

अमेरिकेतल्या मुलाला वर्षात एक लाख डॉलरहून अधिक देणगी किंवा वारसा मिळाला, तर कर नसला तरी तिथे तो कळवावा लागतो. न कळवल्यास दंड जबर असतो. भारतीय म्युच्युअल फंड तिथल्या करकायद्यात फार त्रासदायक ठरतात, म्हणून अशा मुलासाठी ते ठेवण्याआधी तिथल्या सल्लागाराला विचारा.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: मुलांना ते हवे आहे का? कोकणातले घर आणि आंब्याची कलमे न्यू जर्सीतल्या मुलाला नको असतील तर त्याला आज विचारा. गावातला पुतण्या ती बाग जीव लावून सांभाळत असेल, तर बागेवर त्याचा विचार का होऊ नये?

बँकेचा अधिकारी घरी येऊन पीएमएस आणि एआयएफ घ्या म्हणतो.

पीएमएसला (तुमच्या नावावरची गुंतवणूक व्यवस्थापकाने सांभाळण्याची सेवा) किमान ५० लाख आणि एआयएफला (मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करणारा पर्यायी गुंतवणूक निधी) साधारण १ कोटी लागतात. ही प्रवेशाची रक्कम आहे, गुणवत्तेची खूण नव्हे. त्याला एवढेच विचारा: तुम्हाला यावर किती कमिशन मिळते आणि मला पैसे परत हवे असतील तर किती दिवसांत मिळतील? उत्तर लेखी मागा. सेबीकडे नोंदलेला, फक्त तुमच्याकडून फी घेणारा गुंतवणूक सल्लागार वेगळा आणि वितरक वेगळा. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

मला स्मृतिभ्रंश झाला तर? कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे.

आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपते, आणि मृत्यूबरोबर तर संपतेच. म्हणजे नेमके गरजेच्या वेळी ते कामाला येत नाही. मग कुटुंबाला पालक नेमण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून घरखर्च आणि उपचार पुरतील इतकी रक्कम जोडीदाराबरोबरच्या संयुक्त खात्यात ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने ठेवा. मिळकत मोठी असेल तर ट्रस्टचा विचार इथेही होतो.

उपचारांबद्दलची इच्छाही लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलीवर हा निर्णय टाकू नका.

गोव्यात घर आहे. तिथे काही वेगळे?

बरेच. गोव्याचे मूळ रहिवासी असलेल्यांना पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आणि त्यावर आधारित गोव्याचा २०१२ चा उत्तराधिकार कायदा लागू होतो. पती-पत्नीची मिळकत बहुधा सामाईक असते आणि मुले असताना निम्म्याहून अधिक मिळकतीचे मृत्युपत्र करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही हेच लागू. मुंबईत दोन पिढ्या राहिलेल्या गोवेकर कुटुंबांनी आपण कुठले ठरतो, हे आधी वकिलाकडून समजून घ्यावे. पुण्याहून जाऊन केवळ सुट्टीसाठी घर घेणाऱ्याची स्थिती वेगळी असते.

मुलांना आकडे सांगावेत का? बिघडतील अशी भीती वाटते.

पंचविशीपर्यंत आकडा नाही सांगितला तरी चालेल, पण पैसा कसा आला हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असावे. आजोबांनी जमीन कशी घेतली, कोणत्या वर्षी धंदा बसला होता, कोणी मदत केली. नोकरीला लागल्यावर किंवा लग्नानंतर यादी दाखवा, मृत्युपत्राचा मुख्य आशय सांगा आणि सून-जावयांनाही बैठकीत बसू द्या. विरोध असेल तर तो तुमच्या हयातीत, तुमच्यासमोर होऊ द्या. तेव्हा तुम्ही उत्तर देऊ शकता, समजूत घालू शकता, प्रसंगी स्वतःचा निर्णय बदलू शकता.

एकदा केलेले मृत्युपत्र किती वर्षांनी बदलावे?

दर तीन-चार वर्षांनी वाचावे. लग्न, घटस्फोट, नातवंडाचा जन्म, वारसाचा किंवा एक्झिक्युटरचा मृत्यू, मोठी खरेदी-विक्री यांपैकी काहीही झाले की लगेच वाचावे. किरकोळ बदल पुरवणीने होतो, पण दोनपेक्षा अधिक पुरवण्या झाल्या तर सगळे नव्याने लिहिलेले बरे. नव्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य आणि तारीख हवीच. जुन्याची मूळ प्रत वकिलाकडे किंवा भावाकडे असेल तर ती परत मागून घ्या. नवीन मूळ प्रत फक्त तुमच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका: तो उघडण्यासाठी नॉमिनीला किंवा वारसांना आधी बँकेचे सोपस्कार पूर्ण करावे लागतात. घरातल्या कपाटात ठेवा, एक प्रत एक्झिक्युटरकडे द्या, आणि ती कुठे आहे हे किमान दोघांना सांगा.